गुन्हेगाराची दुआ आणि आपले साहित्य : ‘फकिरा’च्या निमित्ताने

जुम्म्याची नमाज आटोपून माणसे मशिदीच्या पायऱ्या उतरू लागली, की चपला शोधता शोधता काही प्रश्न हमखास निघतात. त्यांतला एक प्रश्न आम्ही कराडपासून मिरजेपर्यंत अनेक ठिकाणी ऐकला आहे. हराम कमाई करणाऱ्याची, दुसऱ्याला लुबाडणाऱ्याची दुआ अल्लाह कुबूल करतो काय? विचारणारा माणूस सहसा स्वतःविषयी विचारत नसतो. त्याच्या नजरेसमोर गल्लीतला कोणीतरी असतो. व्याजाने पैसे फिरवणारा, बहिणीचा वाटा गिळून बसलेला आणि तरीही दरवर्षी ज्याच्या घरावर एक मजला चढतो असा कोणीतरी. ‘त्याचे सगळे सुरळीत चालते, मग आमच्या दुआला उशीर का?’ ही तक्रार त्या प्रश्नाच्या पोटात असते.

हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेनेही विचारला जातो; पण तो पायऱ्यांवर नाही. तो रात्री, घर झोपल्यावर, माणूस स्वतःशीच विचारतो. ‘मी जे केले ते मला ठाऊक आहे. आता कोणत्या तोंडाने हात उचलू?’ पहिला प्रश्न शेजाऱ्याचा हिशेब मागतो, दुसरा स्वतःचा. साहित्याचे खरे नाते या दुसऱ्या प्रश्नाशी आहे. परंतु आपले मुस्लिम मराठी साहित्य मात्र अजून पहिल्याच प्रश्नात अडकून पडले आहे, असे आम्हांला वाटते. ते का, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत कशी सापडते, याचा विचार येथे करायचा आहे. आम्ही आलिम नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही वाचक आहोत आणि वाचकाच्याच नजरेने हे लिहीत आहोत.

आधी धर्मग्रंथ काय सांगतात ते थोडक्यात पाहू. सूरह अअराफमध्ये इब्लीसची हकीकत आहे. आदमपुढे झुकण्याचे नाकारून तो धुत्कारला गेला. त्याच क्षणी त्याने कयामतपर्यंतची मुदत मागितली आणि ती त्याला मिळाली. धुत्कारलेल्याची मागणीही मान्य होऊ शकते, हे कुरआनाने इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे. हाच धागा पकडून सुफयान बिन उयैना या जुन्या बुजुर्गांनी लोकांना समजावले होते, की स्वतःच्या पापांची जाणीव आहे म्हणून कोणी दुआ मागणे सोडू नये. ज्याने सर्वांत वाईट असलेल्या इब्लीसचे ऐकले तो तुमचेही ऐकेल. सूरह जुमरमध्ये स्वतःवर जुलूम करून घेतलेल्या बंद्यांना निराश होऊ नका असे सांगितले आहे, आणि सूरह नम्लमध्ये विचारले आहे की, अगतिक माणूस हाक मारतो तेव्हा त्याच्या हाकेला धावणारा दुसरा आहे तरी कोण? तिथे अगतिकतेची अट आहे, चारित्र्याच्या दाखल्याची नाही.

परंतु याच्या उलट दिसणारेही पुष्कळ आहे. सहीह मुस्लिममध्ये एका प्रवाशाचे वर्णन येते. लांबचा प्रवास, केस विस्कटलेले, अंगावर धूळ, हात आकाशाकडे. दुआ कुबूल होण्यास जे जे अनुकूल ते सगळे त्याच्याजवळ आहे. पण त्याचे खाणे हराम, पिणे हराम, अंगावरचे कापड हराम. मग त्याचे ऐकले जावे तरी कसे, असे पैगंबर मुहम्मद (स.) विचारतात. फिरऔनने बुडता बुडता ईमान आणले, तेव्हा ‘आता?’ असा सवाल त्याला झाला. आणि सूरह अनकबूतमध्ये नावेतली माणसे आहेत. वादळात ती निव्वळ अल्लाहला हाक मारतात, अल्लाह त्यांना किनाऱ्याला लावतो आणि जमिनीवर पाय टेकताच ती पुन्हा पूर्वीच्या मार्गाला लागतात. कृष्णाकाठच्या माणसाला ही आयत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरात माळ्यावर, पत्र्यावर बसून सगळ्यांनीच हात जोडले होते, हात उचलले होते. पाणी ओसरले आणि पूररेषेतली बांधकामे पुन्हा उभी राहिली.

वरवर पाहता ही दोन तऱ्हेची वचने एकमेकांच्या विरोधात वाटतील. पण तसे नाही. धुळीने माखलेल्या त्या प्रवाशाच्या हदीसवर लिहिताना इब्ने रजब या हंबली भाष्यकारांनी दाखवून दिले आहे, की तिथे दुआ कधीच कुबूल होणार नाही असे म्हटलेले नाही. ती होणे किती अवघड आहे याबद्दलचे ते आश्चर्य आहे. दार बंद झालेले नाही, वाटेत काहीतरी आडवे पडले आहे. आडवे काय पडले आहे? दुसऱ्याचा हक्क. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, हा भेद आपल्या आजीलाही ठाऊक असतो. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो मामला अल्लाह आणि बंद्यामधला. पण शेजाऱ्याची वीतभर जमीन बांध कोरून घेतली, तर शेजारी मधे उभा राहतो. पैगंबरांनी मुफलिस, म्हणजे दिवाळखोर कोण, याची जी व्याख्या केली ती हीच. नमाज, रोजे, जकात घेऊन कयामतच्या दिवशी येणारा, पण कोणाला शिवी दिलेली, कोणाचा माल खाल्लेला, कोणाचे रक्त सांडलेले असा माणूस. त्याची पुण्याई देणेकऱ्यांत वाटली जाते आणि तो रिकाम्या हाताने उभा राहतो.

आणखी एक हदीस या विषयाला नवेच वळण देते. मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठवताना, तेथे जकात वसूल करताना लोकांचा निवडक माल उचलू नका, असे पैगंबरांनी बजावले, आणि मजलुमाच्या हाकेला भ्या, कारण तिच्यात आणि अल्लाहमध्ये पडदा नसतो, असेही सांगितले. ही ताकीद वसुली करणाऱ्याला आहे, हे ध्यानात घ्यावे. मुसनद अहमदमधील एका हदीसमध्ये तर मजलूम दुराचारी असला तरी त्याची हाक ऐकली जाते, त्याचा दुराचार त्याच्यापाशी, असे म्हटले आहे. म्हणजे वाईट माणसाची दुआ ऐकली जाते का, या प्रश्नाला एक उपप्रश्न जोडावा लागतो. त्या क्षणी तो जुलूम करणारा आहे, की सोसणारा? एकच माणूस दोन्ही असू शकतो. आणि जिथे एकच माणूस दोन्ही असतो, तिथेच साहित्य सुरू होते.

आता आपल्या कथांकडे वळू. आपल्या विशेषांकांतून आणि ईद अंकांतून येणाऱ्या कथांत पापी माणूस भरपूर आहे. पण त्याचे शेवट दोनच. एकात सावकारी करणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाला लकवा होतो, मुलगा वाया जातो, इस्टेट जाते. शेवटच्या परिच्छेदात तो खाटेवर रडत असतो आणि वाचकाच्या मनातला शेजारी एकदाचा शिक्षा पावतो. दुसऱ्यात त्याला स्वप्न पडते, किंवा अजानचा आवाज ऐकून त्याचे मन पालटते, तो हजला जाऊन येतो आणि धुतल्या तांदळासारखा होतो. पहिल्या शेवटात अल्लाह फौजदार झालेला असतो, दुसऱ्यात परीट. दोन्हींत एक पात्र गायब असते. ज्याचे पैसे बुडाले, ज्याच्या बायकोचे दागिने गहाण पडून गेले, तो माणूस कुठे गेला? त्याच्या दारात पापी माणूस गेला का? गेला तर काय म्हणाला? दार उघडले गेले का? ही कथा आम्ही फार क्वचित लिहिली. ‘आम्ही’ म्हणताना आम्ही स्वतःला वगळत नाही. लकव्याच्या कथा आमच्याही हातून झाल्या आहेत.

या पार्श्वभूमीवर आम्हांला अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’कडे पुन्हा जावेसे वाटते. कोणी म्हणेल, मातंग समाजात जन्मलेल्या, साम्यवादी विचाराच्या लेखकाची कादंबरी मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात कशाला? एक तर अण्णा भाऊ आपल्याला परके नाहीत. लाल बावटा कलापथकात त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. दुसरे म्हणजे अण्णा भाऊंचे वाटेगाव वाळवा तालुक्यातले. १९४९ साली दक्षिण सातारा (१९६० पासून सांगली) वेगळा होईपर्यंत हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, आणि त्याची सुखदुःखेही एकच होती. तिसरे कारण कादंबरीच्या नावात आहे.

फकिरा. आपल्या भागात पीराला नवस बोलून झालेल्या मुलाचे नाव फकिरा, पिराजी, दस्तगीर असे ठेवण्याची रीत हिंदूंतही जुनी आहे. मोहरममध्ये पोरांना फकीर करतात. कडेगावच्या उंच ताबुतांना खांदा द्यायला सगळ्या जातींची माणसे येतात. म्हणून मांगवाड्यातल्या नायकाचे नाव फकिरा असावे याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. पण शब्दाचा अर्थ पाहावा. फकीर म्हणजे गरजवंत. सूरह फातिरमध्ये साऱ्या मानवजातीला उद्देशून म्हटले आहे की, तुम्ही सगळेच अल्लाहपुढे फकीर आहात. आणि सूरह तौबामध्ये जकात कोणाला द्यायची याची जी यादी आहे, तिच्यात पहिले नाव फकिरांचे. म्हणजे या नायकाच्या नावातच मागणाऱ्याचे उचललेले हात आहेत आणि देणाऱ्यावरचे देणेही आहे.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार तिला मिळाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. गावाची जत्रा भरावी, गावाचे कल्याण व्हावे म्हणून फकिराचा बाप राणोजी दुसऱ्या गावची जोगणी हिसकावून आणतो आणि त्यात त्याचा जीव जातो. सगळ्या गावाच्या श्रद्धेची किंमत एकटा मांगवाडा रक्ताने भरतो. पुढे दुष्काळ येतो. माणसे भुकेने मरू लागतात. गावचे कुलकर्णी विष्णुपंत, स्वतः ब्राह्मण आणि वतनदार, मांगांना सांगतात की, भुकेने मरू नका, जगा. फकिरा साथीदारांना घेऊन धान्याने भरलेला वाडा फोडतो, धान्य वाटतो. पुढे इंग्रजांचा खजिना लुटला जातो. सरकार साऱ्या मांग समाजाला वेठीस धरते आणि आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःला सरकारच्या हवाली करतो.

येथे थांबून आपला प्रश्न विचारू. फकिरा चोर आहे. कायद्याने तर तो जन्मतःच चोर ठरवला गेला होता. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला आणि १९११ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागलेला गुन्हेगार जमातींचा कायदा माणसाने काही करण्याआधीच त्याच्या जातीकडे बोट दाखवत होता. पाटलाकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला तेव्हा या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या गेल्या. अशा माणसाने, चोरीच्या ज्वारीची भाकरी खाऊन, आकाशाकडे हात केले तर? धुळीने माखलेल्या त्या प्रवाशाची हदीस त्याला लागू करायची का?

याचे उत्तर शोधताना आम्हांला हजरत उमर (रजि.) यांची खिलाफत आठवते. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात असा दुष्काळ पडला की वाऱ्यावर राखेसारखी माती उडू लागली. त्या वर्षाचे नावच राखेचे वर्ष पडले. खलिफांनी स्वतः तूप वर्ज्य केले. आणि चोरीची हात तोडण्याची शिक्षा त्या वर्षी स्थगित ठेवली. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक खटला आहे. हातिब यांच्या गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली. प्रथम शिक्षेचा हुकूम निघाला, पण मग उमर (रजि.) मालकाकडे वळले. तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते, म्हणाले. शिक्षा मागे घेतली गेली आणि उंटिणीच्या किमतीच्या दुप्पट रक्कम मालकाकडून वसूल झाली. चोरी झाली हे नाकारले नाही. ज्याची उंटीण गेली त्याचा हक्कही बुडू दिला नाही. फक्त गुन्हा कोणाच्या दारातून निघाला, त्या दारापर्यंत न्याय मागे चालत गेला.

अण्णा भाऊंनी हा खटला वाचला होता की नाही हा प्रश्नच नाही. मुद्दा असा की ‘फकिरा’ वाचताना वाचकाचा न्यायही तसाच मागे मागे चालत जातो. भुकेल्याकडून भरलेल्या वाड्याकडे, वाड्याकडून सारा वसूल करणाऱ्या कचेरीकडे, कचेरीकडून इंग्रज सरकारकडे. कादंबरी संपते तेव्हा वाईट कोण या प्रश्नाचे उत्तर बदललेले असते. दुआ भुकेल्यांची होती; तिच्या वाटेत साठवलेले धान्य आडवे पडले होते. हराम ते होते.

एक हकीकत सांगितली जाते. अण्णा भाऊंचा जन्म झाला त्या वेळी, म्हणजे १ ऑगस्ट १९२० च्या सुमारास, प्रत्यक्षातला फकिरा लुटीतले सुरती रुपये घेऊन आला आणि त्याने दोन ओंजळी भरून बाळंतिणीला दिले. त्या पैशांवर बाळ-बाळंतिणीची सोय झाली. ही हकीकत आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आमच्या मनात तीच हदीस आली. ज्याचे पोषण हरामावर झाले त्याचे ऐकले कसे जावे? आणि तरीही त्या बाळाचा आवाज पुढे साऱ्या महाराष्ट्राने ऐकला, परदेशातही तो पोहोचला. आम्ही यावरून धर्माचा निर्णय काढत नाही. एवढेच म्हणतो की, ‘लुटीचा पैसा’ हे दोन शब्द उच्चारून मोकळे होणाऱ्याने आधी त्या बाळंतिणीच्या झोपडीत एक रात्र काढावी.

‘फकिरा’चे गुणगान करून येथे थांबता आले असते. पण समीक्षेचे कर्तव्य अजून शिल्लक आहे. या कादंबरीत एक उणीव आम्हांला जाणवते. अण्णा भाऊंनी आपल्या नायकाला खटला उभा राहण्याआधीच निर्दोष सोडले आहे. फकिराला रात्री झोप येत नाही, हातावरचे रक्त दिसते, असे कादंबरीत घडत नाही. त्याला स्वतःविषयी शंका नाही. लुटीत, झटापटीत जे साधे शिपाई, पहारेकरी मध्ये येतात, त्यांचीही घरे असतील, त्यांच्याही आया असतील. तिकडे कादंबरी वळत नाही. ती वीरगाथा आहे, आणि वीरगाथेत वीराला तौबा करावी लागत नाही. शेवटी फकिरा स्वतःला हवाली करतो तो एकच क्षण असा आहे, की जिथे आपल्यामुळे इतरांवर आलेले संकट तो स्वतःच्या अंगावर घेतो. कादंबरीतली ही सर्वांत मोठी दुआ, असे आम्ही मानतो. तीत शब्द नाहीत. स्वतःला पुढे करणे एवढेच आहे.

वीरगाथेची ही मर्यादा आपल्या भागातल्या दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत अधिकच स्पष्ट होते. वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. गावगुंडांना मारले म्हणून लोकांनी त्यांना कृष्णाकाठचा वाघ म्हटले. दीर्घकाळ ते फरारी राहिले, पुढे जन्मठेप भोगून आले, आणि उत्तर आयुष्यात प्रवचने करीत, लोकांना व्यसनापासून दूर राहायला सांगत फिरले. जानेवारी २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यावर गाणी झाली, वग झाले, चित्रपट निघाला. त्यांची भक्ती खरी होती की नाही हे सांगणारे आम्ही कोण? नव्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. माझ्यासाठी तौबा आहे का, असे त्याने एका आबिदाला विचारले. ‘नाही’ असे उत्तर आले, तेव्हा त्याने शंभरावा खून केला. मग एका आलिमाने त्याला सांगितले, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण उभे राहणार? पण हे गाव सोड, चांगल्या माणसांच्या गावी जा. वाटेतच त्याला मृत्यू आला. फरिश्त्यांनी अंतर मोजले, तो चांगल्या गावाच्या वीतभर जवळ निघाला आणि रहमतच्या फरिश्त्यांनी त्याला नेले.

या हदीसवर आपल्या वअजमध्ये पुष्कळ ऐकायला मिळते, पण तिच्यातला चालण्याचा भाग बहुधा निसटतो. त्या माणसाला नुसते रडायला सांगितले नव्हते. गाव सोडायला, वाट धरायला सांगितले होते. आणि जे शंभर जण गेले त्यांच्या वारसांचे काय, हा प्रश्न भाष्यकारांनाही पडलेला आहे. काहींनी म्हटले आहे की, ज्याची तौबा अल्लाह स्वीकारतो त्याच्या देणेकऱ्यांना तो आपल्या खजिन्यातून राजी करतो. म्हणजे अल्लाह माफ करतानाही देणेकऱ्याला विसरत नाही. बापू बिरूंवरच्या गाण्यांत आणि चित्रपटात मात्र आम्हांला मारणारा दिसतो, टाळ्या दिसतात. मेलेल्याच्या घरातली चूल दिसत नाही. मेलेला माणूस गुंड होता हे मान्य केले तरी चूल ही चूलच असते. ज्या दिवशी कोणी ती लिहील, त्या दिवशी या विषयावरचे मोठे साहित्य आपल्या भागात जन्माला येईल.

आता पावसाकडे येऊ, कारण दुआचा प्रश्न आपल्या दुष्काळी तालुक्यांत शेवटी पावसापाशीच येतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. पश्चिमेला उसाचे हिरवे मळे आणि पूर्वेला टँकर, असे हे दोन जिल्हे. १९७२ मध्ये येथे लोकांनी खडी फोडली, मिलो खाल्ला. २०१२-१३ मध्ये माणसे जनावरांसह चारा छावणीत राहिली. पाऊस लांबला की ईदगाहवर इस्तिस्काची नमाज होते. जुन्या कपड्यांत, नम्रपणे निघावे, आणि इमामाने अंगावरची चादर उलटी करून घ्यावी, अशी सुन्नत आहे. चादर का उलटायची? तर हालत बदलावी म्हणून. पण हालत आभाळाचीच बदलायची का? इब्ने माजामधील हदीस सांगते, की जे लोक जकात अडवतात त्यांचा पाऊस अडवला जातो; मुकी जनावरे नसती तर त्यांच्यावर पाऊस पडलाच नसता. ईदगाहवर हात उचलणाऱ्या सफांत व्याज घेणारा असतो, व्याजाने पिचलेला असतो, कालव्याचे पाणी चोरून वळवणारा असतो आणि ज्याच्या वाट्याचे पाणी वळवले गेले तोही असतो. पाऊस पडला तर सगळ्यांच्याच रानात पडतो. मग कोणाची दुआ कुबूल झाली? त्या हदीसच्या हिशेबाने बहुधा छावणीतल्या गाईची.

मशिदीच्या पायऱ्यांवरच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला असे दिसते. वाईट माणसाची दुआ ऐकली जाते. ती ऐकली जात नसती तर आपल्यापैकी कोणीच हात उचलू शकला नसता. पण मागितलेले मिळाले म्हणजे माफी मिळाली असे नव्हे. इब्लीसला मुदत मिळाली, सुटका नाही. शेजाऱ्याच्या घरावर मजला चढतो, ते त्याच्या दुआचे उत्तर असेल किंवा त्याला मिळालेली मुदत असेल. ते पाहणे आपले काम नाही. आपले काम वाटेत आडवे पडलेले उचलण्याचे. आणि लेखकाचे काम ते दाखवण्याचे.

आपल्याकडे मय्यत उचलण्याआधी, जनाजाच्या नमाजपूर्वी, घरातला कोणीतरी पुढे होऊन सांगतो, मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर आम्हांला सांगा, आम्ही देऊ. नाहीतर माफ करा. पैगंबरही जनाजा पुढ्यात आला की, याच्यावर कर्ज आहे का, असे विचारीत. असेल आणि फेडायची सोय नसेल, तर स्वतः नमाज पढवायला थांबत. एकदा अबू कतादा (रजि.) यांनी देणे आपल्या अंगावर घेतले, तेव्हा कुठे नमाज झाली. आधी देणे, मग दुआ, हा क्रम आहे.

आम्हांला वाटते, ती घोषणा हीच आपल्या साहित्याची जागा आहे. पापी माणसाला खाटेवर झोपवून लकवा देण्याची घाई नको, हजला पाठवून धुऊन आणण्याचीही नको. घोषणा झाल्यावर जी क्षणभर शांतता पसरते, तिच्यात शेवटच्या सफेतला एखादा माणूस आपल्या फाटक्या बंडीच्या खिशातली चिठ्ठी चाचपतो. बोलावे की नको, याचा तो विचार करीत असतो. तो बोलतो का? न बोलताच माफ करतो का? की माफ न करताच गप्प राहतो आणि हात बांधून नमाजला उभा राहतो? त्याच्यावर लिहायला हवे. मय्यतची दुआ त्याच्या त्या चिठ्ठीपाशी अडली आहे.